कावळा शिवला

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याबद्दल निवृत्त न झालेल्या माणसांची मतं फार पक्की असतात. कोणी म्हणतं बाग करा, कोणी म्हणतं हास्यक्लबात जा, कोणी म्हणतं पहाटे उठून ज्ञानेश्वरी वाचा. मी हे तिन्ही करून पाहिलं. बागेत तुळशीखेरीज काही जगलं नाही, हास्यक्लबात ऐन वेळी हसू येईना आणि ज्ञानेश्वरी उघडली की दुसऱ्या ओवीला डोळा लागे. तेव्हा पंचाहत्तरीला टेकल्यावर मी चौथाच उद्योग काढला. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कॉम्प्युटरला घरातल्या लॅपटॉपवर बोलवायचं ठरवलं.

“बोलवायचं म्हणजे?” हिने विचारलं.

“म्हणजे असं बघ, यंत्र मेलेलं आहे. पण त्या यंत्राचा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्रॅम होता, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ती शिल्लक आहे. आता ह्या लॅपटॉपने त्या मेलेल्या यंत्राचं सोंग घ्यायचं आणि मग तिला हाक मारायची. सोंग बेमालूम असलं तर ती येते.”

“हे प्लँचेट झालं,” ही म्हणाली आणि मेथी निवडायला लागली. “वाटी आणून देऊ का?”

ह्या सोंगाला जाणकार मंडळी एम्युलेटर म्हणतात. पण हिची व्याख्या मला अजूनही जास्त नेमकी वाटते.

आता तुम्ही विचाराल की बँकेत जन्म काढलेल्या कारकुनाला ही अवदसा का आठवली? त्याला दोन कारणं आहेत. एक अपमान आणि एक थाप.

अपमान १९९२ सालचा. तसा कॉम्प्युटरशी माझा संबंध त्याहून जुना, म्हणजे विरोधाचा. बँकांत कॉम्प्युटर नको म्हणून निघालेल्या मोर्चात मी घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीने बँकांत यंत्रं कशी आणावीत याचा अहवाल दिला, आणि होता होता ज्याच्याविरुद्ध ओरडलो होतो ते यंत्र आमच्या शाखेत दाखल झालं. त्याला काचेची खोली आणि एअरकंडिशनर मिळाला. आम्हाला पूर्वीचाच पंखा.

त्या यंत्रावर युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती शिकायला आम्हाला पाच दिवस पाठवलं. शिकवणारा मुलगा पंचविशीतला, गळ्यात टाय. तिसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, “यंत्र एक आणि काउंटर पाच. मग पाचही जणांचं काम एकाच वेळी होतं कसं?” तो हसून म्हणाला, “काका, ज्यांनी युनिक्स लिहिलं ना, त्यांनीच नेमक्या ह्या जागी लिहून ठेवलंय, की हे तुम्हाला कळावं अशी अपेक्षा नाही!” वर्ग हसला. मीही हसलो. चाळिशीचा माणूस पोरांच्या वर्गात जसा हसतो तसा हसलो. पण ते वाक्य पुढे तीस वर्षं चपलेतल्या खड्यासारखं माझ्याबरोबर चालत राहिलं.

थाप मारली ती आमच्या हेडक्लार्कना. हे गृहस्थ म्हणजे चालतीबोलती तेरीज. लेजर जुळलं नाही की आम्ही पानं उलटत बसायचो आणि ते नुसता फरकाचा आकडा विचारायचे. त्याला नवाने भाग गेला की म्हणायचे, “आकडे उलटे पडलेत कुठेतरी. एक्काहत्तरचे सतरा, बावन्नचे पंचवीस, असलं काहीतरी शोधा.” आणि तसंच निघायचं. जमाखर्च लिहिणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. दोन शेजारचे आकडे उलटे पडले की येणाऱ्या फरकाला नवाने भाग जातोच. पण आम्हाला तो त्यांचा वैयक्तिक चमत्कार वाटे.

३० जून १९७५ ची रात्र मला आठवते. बँकेची सहामाही. आणीबाणी लागून पाच दिवस झाले होते. सारा देश श्वास रोखून बसला होता आणि आमचे हेडक्लार्क सत्तावीस पैसे शोधत बसले होते. रात्री अकराच्या सुमाराला ते सापडले. चौदा पैशांचे एक्केचाळीस झाले होते आणि अक्षर माझं होतं. मी तेव्हा नोकरीत नवा, अजून कायमसुद्धा झालो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लाल शाईने दुरुस्ती केली, खाली स्वतःची सही ठोकली आणि शिपायाला म्हणाले, “चहा सांग. दोन.” त्या चुकीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. त्या रात्रीच्या त्यांच्या बेरजेचा कच्चा कागद मी टोपलीतून उचलून घरी आणला. तो अजून माझ्याकडे आहे.

यंत्र आलं तेव्हा त्यांची दीड वर्षं राहिली होती. यंत्राचा त्यांच्यावर राग नव्हता. यंत्राला ते माहीतच नव्हते. लेजरं कपाटात गेली, कपाट गोदामात गेलं, आणि हे खिडकीशी खुर्ची ओढून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला लागले. निवृत्त झाले आणि १९९४ च्या पावसाळ्यात गेले.

दहाव्याला आम्ही शाखेतले सात-आठजण ओंकारेश्वराच्या घाटावर होतो. पिंड मांडला. झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेल तर शपथ. मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा हलेना. मेहुणे म्हणाले, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ. कावळ्याने मान वळवली. भटजी घड्याळाकडे पाहायला लागले. मला काय वाटलं कोण जाणे, मी पुढे झालो, हात जोडले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, “साहेब, कॉम्प्युटरवरची तेरीज जुळली. एका पैशाचा फरक नाही.”

कावळा झपकन उतरला आणि शिवला.

मंडळींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मात्र खाली पाहत होतो. कारण त्या महिन्यात यंत्रातली बेरीज आणि व्हाउचरांची बेरीज जुळली नव्हती. एकशे आठ रुपयांचा फरक होता. आणि एकशे आठाला नवाने भाग जातो हे सांगायला आता शाखेत कोणी उरलं नव्हतं.

तर ही पार्श्वभूमी. नात इंजिनीअरिंगला आहे. तिला मी माझा बेत सांगितला तेव्हा तिने मुळीच आश्चर्य दाखवलं नाही. हल्लीच्या मुलांना आश्चर्य वाटत नाही. ती एवढंच म्हणाली, “आबा, युनिक्सच्या कितव्या आवृत्तीला बोलवायचंय?” पुस्तकासारख्या आवृत्त्या असतात हे मला माहीत नव्हतं. तिने शोधून सांगितलं, की ते अपमानाचं वाक्य सहाव्या आवृत्तीत आहे आणि सहावी आवृत्ती १९७५ ची. म्हटलं, मग तीच.

युनिक्सची जन्मकथा वाचली आणि माझा निम्मा राग तिथेच गेला. १९६० च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज अशा तिघांनी मिळून मल्टिक्स नावाची अवाढव्य सिस्टीम करायला घेतली होती. तिघांच्या भागीदारीत व्हायचं तेच झालं. काम लांबलं, आणि १९६९ साली बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतलं. तिथले केन टॉम्पसन हे गृहस्थ मोकळे झाले. मोकळ्या माणसाने करावं तेच त्यांनी केलं. खेळ खेळत बसले. ग्रहमालेतून यान चालवण्याचा एक खेळ त्यांनी स्वतः लिहिला होता. पण मोठ्या कॉम्प्युटरवर एक डाव खेळला की कंपनीच्या हिशेबात पंचाहत्तर डॉलरचा खर्च पडे. तेव्हा त्यांनी कोपऱ्यात पडलेलं पीडीपी-७ नावाचं जुनं, कोणी फारसं न वापरणारं यंत्र हेरलं आणि खेळाची बदली त्याच्यावर केली.

तेवढ्यात त्यांची पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला माहेरी गेली.

बायको माहेरी जाणे ह्या घटनेचं जगाच्या इतिहासातलं स्थान अजून कोणी नीट अभ्यासलेलं नाही. आमच्याकडे ही माहेरी गेली, की पहिल्या आठवड्यात खिचडी, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा खिचडी आणि तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच सासुरवाडीला, असा कार्यक्रम असे. टॉम्पसन यांनी एका आठवड्यात मजकूर लिहायचा आणि दुरुस्त करायचा प्रोग्रॅम केला, एका आठवड्यात यंत्राच्या भाषेत उतरवणारा असेंबलर केला आणि एका आठवड्यात ह्या सगळ्याचा कारभार पाहणारा गाभा केला. बाई परत आल्या तेव्हा घरात युनिक्स झालेलं होतं. त्याचं बारसं मल्टिक्सच्या नावावर कोटी करून झालं. ती कोटी ब्रायन कर्निहॅन ह्या सहकाऱ्याच्या नावावर आहे. ‘मल्टि’ म्हणजे अनेक, तर ‘युनि’ म्हणजे एक. आपल्याकडे असता तर ह्या माणसाने दिवाळी अंकांत नाव काढलं असतं.

पुढचा प्रश्न पैशाचा. टॉम्पसन आणि त्यांचे जोडीदार डेनिस रिची यांना नवं यंत्र हवं होतं. पण ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला यंत्र द्या म्हटलं की वरचे लोक मल्टिक्सच्या आठवणीने दचकत. मग १९७० मध्ये ह्या मंडळींनी वेगळा अर्ज केला. पेटंटचे अर्ज टंकलिहायची सोय करून देतो म्हणाले, आणि पासष्ट हजार डॉलरच्या यंत्राची मागणी केली. अर्ज मंजूर झाला. पीडीपी-११ हे यंत्र आलं. स्मरणशक्ती चोवीस हजार अक्षरांची, म्हणजे आपल्या दिवाळी अंकातल्या एखाद्या लांबलेल्या कथेएवढी. गंमत अशी, की ह्या मंडळींनी पेटंट खात्याची सोय खरोखरच करून दिली. १९७१ साली तिथल्या टंकलेखिका युनिक्सवर काम करत होत्या. मला हा प्रसंग फार आवडला. वेळेला माणसाने थोडं चढवून सांगितलं तरी चालतं, मात्र नंतर ते खरं करून दाखवावं लागतं. माझं तेच राहिलं होतं.

१९७३ साली युनिक्सचा गाभा सी ह्या भाषेत नव्याने लिहिला गेला आणि १९७५ साली सहावी आवृत्ती आली. बेलची मालक टेलिफोन कंपनी १९५६ सालच्या एका कोर्टहुकमाने बांधलेली होती. टेलिफोन सोडून इतर धंद्यात तिला पडता येत नव्हतं. म्हणून ही आवृत्ती विद्यापीठांना नाममात्र पैशात, तीही मूळ मजकुरासकट मिळाली. त्यामुळेच आज ती शिल्लक आहे. २००२ साली काल्डेरा ह्या त्या वेळच्या हक्कदार कंपनीने जुन्या आवृत्त्या सर्वांना मोकळ्या केल्या. काही मधल्या आवृत्त्या हरवल्या होत्या. त्यांतली चौथी आवृत्ती २०२५ साली युटा विद्यापीठात साठवणीच्या खोलीत एका जुन्या टेपवर सापडली, आणि टेप वाचताही आली. आमच्या घरी माळ्यावर नुसता पाळणा सापडला होता.

आता यंत्राच्या सोंगाविषयी. बॉब सुपनिक हे पीडीपी बनवणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीतलेच मोठे अधिकारी. त्यांनी १९९३ मध्ये सिम-एच नावाचा एम्युलेटर सुरू केला. पुढे १९९८ साली कंपनीच कॉम्पॅकने विकत घेतली. कंपनी गेली, यंत्रं भंगारात गेली, पण सोंग राहिलं. हे सोंग करतं काय? जुन्या प्रोग्रॅममधली एकेक आज्ञा उचलतं, पीडीपी-११ ने ह्या आज्ञेवर काय केलं असतं ते पाहतं आणि तंतोतंत तेवढंच करतं. आपण बालगंधर्वांचं उदाहरण घेऊ. नुसतं लुगडं नेसून स्त्रीपार्ट होत नाही. बाईने पदर कसा सावरला असता, मान कुठे वळवली असती, हे प्रत्येक क्षणाला करावं लागतं, तेव्हा समोरचा फसतो. इथे फसवायचं असतं ते प्रोग्रॅमला. त्याचं यंत्र कधीच मेलं आहे हे त्याला कळता कामा नये. त्यासाठी यंत्राच्या खोडीसुद्धा हुबेहूब उचलाव्या लागतात. पीडीपी-११ च्या घराण्यात निरनिराळी मॉडेलं होती आणि बारीकसारीक बाबतींत ती एकमेकांहून वेगळी वागत. सिम-एचला ते फरकही पाठ आहेत.

नातीने चार मिनिटांत सिम-एच लॅपटॉपवर चढवला, जुन्या डिस्कची नक्कल उतरवून घेतली आणि ती कॉलेजला गेली. “आता फक्त डिस्क जोडा आणि सुरू करा, आबा.” ते ‘फक्त’ चार दिवस चाललं.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू होता होता थांबे आणि शून्यांनी भरलेला एक आकडा दाखवी. मी रात्रीपर्यंत तो आकडा टिपून काढत बसलो. संध्याकाळी नात म्हणाली, “आबा, तुम्ही डिस्कचं गाठोडंच जोडलंत. सोडायचं नाही का?” नक्कल दाबून बांधलेली होती. म्हणजे मी पिंडाऐवजी तांदळाची पिशवीच ठेवली होती. कावळा काय शिवणार!

आकडे वाचताना आणखी एक धक्का बसला. पीडीपी-११ ची मंडळी आकडे अष्टमान पद्धतीत लिहितात. सात झाले की एकदम दहा. आठ आणि नऊ हे आकडे दिसतच नाहीत. ज्याने हयातभर नवाने भाग लावून चुका शोधल्या, त्याला नऊच नाही हे कळल्यावर पोरकं वाटलं. रात्री अंथरुणात हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, की तिथे हीच युक्ती साताने चालेल. मग झोप लागली.

दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं, डिस्क जोडली आणि पडद्यावर नुसतं ‘@’ उमटलं. पुढे काही नाही. स्वागत नाही, सूचना नाही, नमस्कार नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणारे आमचे वाणीसुद्धा दाराला पाटी लावतात. इथे तेही नाही. मी निरनिराळे शब्द टंकून पाहिले, मदत मागितली, शेवटी नुसतंच पाहत बसलो. ते वेटोळं डोळे मिटून पडलेल्या नागासारखं स्वस्थ. ही मागून येऊन म्हणाली, “काही इच्छा राहिली असेल त्याची.” त्याची इच्छा एवढीच होती, की मी ‘युनिक्स’ हे नाव घ्यावं. नाव घेतलं आणि एका निमिषात त्याने मलाच नाव विचारलं.

तिसऱ्या दिवशीचा घोळ माझा. बँकेत आम्हाला सगळं मोठ्या लिपीत टंकायची सवय लावली होती. त्या सवयीने मी ‘रूट’ हे कारभाऱ्याचं नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत टंकलं. त्या काळी टेलिटाइप नावाची टंकयंत्रं कॉम्प्युटरला जोडत आणि त्यांतल्या पुष्कळांना लहान अक्षरंच नसत. तेव्हा युनिक्सने मनाशी ताडलं, की हा कोणी गरीब माणूस दिसतो, ह्याच्याकडे लहान अक्षरं नाहीत. आणि त्या क्षणापासून ते माझ्याशी मोठ्या अक्षरांत बोलायला लागलं. बहिऱ्याशी लोक मोठ्याने बोलतात तसं. त्यात अपमान नव्हता, माणुसकीच होती. पासवर्ड मात्र त्याने विचारलाच नाही. सगळ्या तिजोरीची किल्ली आणि पासवर्ड नाही! बँकेच्या माणसाच्या पोटात गोळा आला.

चुकलेलं खोडायला मी मागची कळ दाबली, तर चालू कामच बंद पडलं. त्या कळीतून जाणारी खूण ह्या आवृत्तीला ‘हातातलं काम सोड’ अशी वाटते. खोडायचं असेल तर ‘#’ टंकायचं, की मागचं एक अक्षर रद्द. ‘@’ टंकायचं, की अख्खी ओळ रद्द. खोडलेलं दिसेनासं होत नाही, कारण टेलिटाइप कागदावर छापी आणि कागदावरचं पुसता येत नाही. मला हे ओळखीचं वाटलं. बँकेतही लेजरमध्ये खाडाखोड चालत नसे. चुकीवर रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची. चूक वाचता आली पाहिजे. मजकूर लिहायला ‘एड’ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याला काही चुकीचं सांगितलं, की तो फक्त ‘?’ एवढंच म्हणतो. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. मी पुण्यात पन्नास वर्षं काढलेली असल्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. तारीख विचारली तर १९७५ साल. ह्या सिस्टीमला स्वतःचं घड्याळ राखायची सोय नाही. झोपताना डिस्कवर जी वेळ टिपलेली असेल, तीच ती उठल्यावर खरी धरते. कुंभकर्णाने उठल्यावर दुसरं काय केलं असतं! मी ते साल दुरुस्त केलं नाही.

मग नातीला म्हटलं, “आता ते वाक्य दाखव.”

त्यासाठी तिने एक भाष्य आणलं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ साली सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यातल्या सुमारे नऊ हजार ओळी छापून त्यांवर ओळवार टीका लिहिली. सूत्र एकीकडे, भाष्य एकीकडे, अगदी आपल्या पद्धतीने. १९७९ ला सातवी आवृत्ती आली तेव्हा मूळ मजकूर वर्गात शिकवायला बंदी झाली. मग जगभरच्या पोरांनी लायन्सच्या भाष्याच्या झेरॉक्स काढल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या, पूर्वी पोथ्या उतरवून घेत तशा. १९९६ साली ते रीतसर पुस्तक म्हणून निघालं आणि १९९८ साली लायन्स गेले.

त्यातली ओळ २२३८. तिथे खरोखरच तसं लिहिलेलं आहे. आणि ती जागा नेमकी माझ्या १९९२ सालच्या प्रश्नाची आहे. यंत्र एक आणि माणसं पाच असली, की युनिक्स एकाचं काम क्षणभर करतं, मग त्याला उठवतं. पण उठवण्याआधी त्याची सगळी मांडामांड टिपून ठेवतं. कुठपर्यंत आला होता, हातात काय होतं, हातचा किती धरला होता, सगळं. मग दुसऱ्याला बसवतं. पुन्हा पहिल्याची पाळी आली, की त्याची मांडामांड होती तशी लावून देतं, म्हणजे आपल्याला कोणी उठवलं होतं हे त्याला कळतसुद्धा नाही. बस्स. एवढंच. मला पहिल्या वाचनात कळलं. मी दोनदा वाचलं, कारण कळल्यावर वाचण्यात मजा असते.

“आणि आबा, रिचींनी नंतर खुलासा केलाय,” नात म्हणाली. रिची यांनी पुढे लिहिलं, की त्या वाक्यात कोणाला हिणवायचा हेतू नव्हता. ‘हे परीक्षेला विचारणार नाही’ असं मास्तर सांगतात तेवढाच त्याचा अर्थ. शिवाय खरी अडचण अशी होती, की तिथे नेमकं काय होतंय हे आम्हालाही पुरतं कळलं नव्हतं. ती मांडामांड लावायची त्यांची तऱ्हा पीडीपी-११ च्या एका सवयीच्या आधारावर चालत होती. युनिक्स दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर न्यायला गेले तेव्हा ती फसली, आणि सातव्या आवृत्तीत बदलावी लागली.

मी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं मी ज्यांच्यावर रागावलो होतो, ते माझ्यासारखेच होते. फरक एवढाच, की त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. आणि जे लिहून ठेवलं, त्याच्या जोरावर ते पन्नास वर्षांनी लॅपटॉपवर उठून बसलं. आमच्या हेडक्लार्कना जागेवरून उठवलं तेव्हा त्यांची मांडामांड कोणी टिपून घेतली नाही. त्यांना काय काय येतं हे कोणी विचारलंसुद्धा नाही. यंत्राविरुद्ध घोषणा देणाऱ्या मीही नाही.

त्या रात्री मी कपाटातून तो कच्चा कागद काढला. त्रेसष्ट रकमा, त्यांच्या अक्षरात. युनिक्समध्ये ‘डी-सी’ नावाचा हिशेबनीस आहे. त्याची रीत उलटी. आधी दोन्ही रकमा सांगायच्या आणि मग बेरजेचं चिन्ह. पीडीपी-११ च्या एका घरात पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या वर आकडा मावत नाही, म्हणून मला धाकधूक होती. पण डी-सी आपल्यासारखाच कागदावर मांडल्याप्रमाणे आकड्यामागे आकडा धरून बेरीज करतो. कितीही मोठी रक्कम द्या, पैसे सांडत नाही. १९७५ सालच्या यंत्रात मी १९७५ सालच्या रकमा एकेक करून भरल्या. चुकलं की ‘#’. पाऊण तास लागला.

बेरीज आली. कागदावरच्या बेरजेपेक्षा त्रेसष्ट पैसे कमी.

क्षणभर मला वाटलं, साहेब चुकले! मग त्रेसष्टाला नवाने भाग जातो हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. “आकडे उलटे पडलेत कुठेतरी.” मी बोट ठेवून खाली उतरत गेलो. बेचाळिसावी रक्कम. त्यांनी ब्याण्णव पैसे लिहिले होते, मी एकोणतीस टंकले होते. पुन्हा माझंच अक्षर म्हणायचं! दुरुस्त केलं, पुन्हा बेरीज काढली.

जुळली. एका पैशाचा फरक नाही.

खोलीत कोणी नाही असं पाहून मी हळूच म्हणालो, “साहेब, तेरीज जुळली. ह्या वेळी खरी.”

ह्या आवृत्तीत यंत्र बंद करायची वेगळी आज्ञा नाही. ‘सिंक’ म्हणायचं, म्हणजे हातात असेल ते डिस्कवर उतरतं. जुनेजाणते ते तीनदा म्हणतात. एकदा पुरतं, पण तीनदा म्हणतात. आचमन एकदा करून भागत नाही तसंच. मी तीनदा सिंक म्हटलं आणि सोंग उतरवलं.

सवयीने खिडकीकडे पाहिलं. रात्रीच्या वेळी कावळा कुठला? आमच्या सोसायटीत आता दिवसासुद्धा पारवेच असतात. एसीच्या पेटीवर त्यांतला एक मान पोटात घालून झोपला होता.

“अहो,” आतून हिचा आवाज आला, “आलं का तुमचं ते मेलेलं?”

“आलं,” मी म्हटलं. “हिशेब करून गेलं.”

“मग आता दिवा मालवा. बारा वाजले.”